लोकसंख्याशास्त्र शिकताय? मग आधी छेद बघा

(वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं. यावेळी लोकसंख्याशास्त्र हा विषय घेतलेल्या किंवा घ्यायचा विचार करणाऱ्यांचे बरेच मेल आलेत. सारखे प्रश्न एकत्र केलेत, आणि उत्तरं देणाऱ्या ताई हा विषय विद्यापीठात शिकवतात.)

प्रश्न : ताई, पदवीला माझं अर्थशास्त्र होतं, आता पुढे लोकसंख्याशास्त्र घ्यावं असं मनात आहे. पण सगळे म्हणतात त्यात काय शिकायचंय, माणसं मोजायची आणि झालं. आणि माझं गणित बेताचंच आहे. नक्की काय शिकवतात आणि मला झेपेल का?

झेपेल गं, घाबरू नकोस. आणि "माणसं मोजायची आणि झालं" म्हणणाऱ्यांना एवढंच विचार की मोजलेली माणसं कोणत्या वयाची आहेत. जगाची लोकसंख्या ८०० कोटी झाली (संयुक्त राष्ट्रांनी त्यासाठी १५ नोव्हेंबर २०२२ हा दिवस धरला होता) हा आकडा सगळ्यांना पाठ असतो, पण नुसत्या त्या आकड्यातून फारसं काही हाती लागत नाही. नायजरमध्ये साधारण निम्मी माणसं सोळा वर्षांच्या आतली आहेत आणि जपानमध्ये निम्मी माणसं पन्नाशीला टेकलेली किंवा त्यापुढची, म्हणजे एकाला वर्ग आणि मास्तर कुठून आणायचे ही काळजी आणि दुसऱ्याला म्हाताऱ्यांची सेवा करायला हात कुठून आणायचे ही. वय कळलं की देशाच्या पुढच्या तीस-चाळीस वर्षांबद्दल बरंच काही कळतं, हे मी तुला खात्रीने सांगते.

लोकसंख्या बदलते ती तीनच गोष्टींनी, जन्म, मृत्यू आणि स्थलांतर, चौथी गोष्ट नाहीच. अख्खा अभ्यासक्रम म्हणजे या तिघांची चिरफाड. किती जन्म झाले हे कुणीही सांगेल, पण कुणामागे किती, म्हणजे सगळ्या लोकसंख्येमागे का फक्त १५ ते ४९ वयाच्या बायकांमागे का २५ ते २९ वयाच्या बायकांमागे, हे बदललं की उत्तर बदलतं. वर्गात मी पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट घोकून घेते, की अंश बघू नका, आधी छेद बघा, छेदात कोण बसलंय ते बघा. तेवढं अंगात मुरलं की निम्मा विषय आला समज.

विषयाची सुरुवात कुणी केली माहितीये? लंडनमधल्या एका कापडाच्या व्यापाऱ्याने. तिथे प्लेगच्या धास्तीने दर आठवड्याला मृत्यूंच्या याद्या छापायचे, कोण कशाने गेलं हे ठरवायला म्हाताऱ्या बायका नेमलेल्या असायच्या, त्या घरी जाऊन प्रेत बघायच्या आणि कारण सांगायच्या. लोक त्या याद्या चाळायचे आणि विसरून जायचे. जॉन ग्राँटने बऱ्याच वर्षांच्या याद्या एकत्र मांडल्या आणि १६६२ मध्ये पुस्तक काढलं, मुलींपेक्षा मुलगे थोडे जास्त जन्मतात हे त्याने आकड्यांवरून दाखवलं (आज आपण १०० मुलींमागे साधारण १०५ मुलगे धरतो), आणि मला जास्त आवडतं ते हे की त्याने याद्यांवरच संशय घेतला. लाज वाटेल अशा रोगाने कुणी गेलं की घरचे त्या बायकांच्या हातावर पैसे टेकवायचे आणि नोंद भलत्याच आजाराखाली व्हायची, हे त्याने लिहून ठेवलंय. आकडा कुणी लिहिला, कुणासमोर लिहिला आणि लपवण्यात कुणाचा फायदा होता, हे प्रश्न तेव्हापासून आमच्या विषयात आहेत आणि आजही परीक्षेत येतात.

गणिताचं म्हणशील तर गुणोत्तर, टक्केवारी, थोडं लॉग, आणि बेसिक स्टॅटिस्टिक्स. लाइफ टेबल नावाचा एक मोठा तक्ता शिकवतात, त्यात एकदम जन्मलेली एक लाख बाळं धरायची आणि दर वर्षी त्यातली किती उरतात ते लिहीत जायचं. तो हाताने एकदा तरी कर, एक्सेलमध्ये नंतर कर. हाताने केलास की "जुन्या काळी माणसं चाळिशीतच मरायची" हे वाक्य परत कधी तोंडातून निघणार नाही, कारण १०० पैकी ३० बाळं पहिल्या वर्षाच्या आसपासच गेली आणि उरलेली ७० सरासरी साठ वर्षं जगली तरी सगळ्यांचं मिळून सरासरी आयुर्मान ४२ च येतं. चाळिशीत फारसं कुणी मेलेलंच नसतं, मेलेली असतात ती तान्ही बाळं.

प्रश्न : मॅडम, असाइनमेंटमध्ये प्रश्न आहे की जपानचा मृत्युदर कितीतरी गरीब देशांपेक्षा जास्त का. मला वाटलं प्रिंटिंग मिस्टेक आहे. उत्तर काय लिहू?

मिस्टेक नाही, प्रश्न बरोबर आहे आणि छान आहे. जपानचा ढोबळ मृत्युदर (म्हणजे वय न बघता दर हजार माणसांमागे वर्षाला किती मृत्यू) हजारी १२ च्या वर आहे आणि तिथलं सरासरी आयुर्मान ८४ च्या आसपास आहे, दोन्ही एकाच वेळी खरं. कसं ते स्वतः करून बघ.

दोन काल्पनिक देश घे, दोन्हीकडे एक-एक लाख माणसं. पहिला तरुण देश, ९०,००० तरुण आणि १०,००० म्हातारे. तिथे तरुणांत वर्षाला हजारी ५ मरतात म्हणजे ४५०, म्हाताऱ्यांत हजारी ५० म्हणजे ५००, एकूण ९५०, दर हजारी ९.५. दुसरा म्हातारा देश, ६०,००० तरुण आणि ४०,००० म्हातारे. तिथे दवाखाने चांगले म्हणून तरुणांत हजारी २ च मरतात म्हणजे १२०, म्हाताऱ्यांत हजारी ३० म्हणजे १,२००, एकूण १,३२०, दर हजारी १३.२. दोन्ही वयांत दुसऱ्या देशात जगण्याची शक्यता जास्त आहे आणि तरी त्याचा ढोबळ दर जास्त दिसतो, कारण छेदात म्हातारे भरलेत.

आता दुसऱ्या देशाचे दर उचल आणि पहिल्या देशाच्या माणसांना लाव : ९०,००० ला हजारी २ म्हणजे १८०, १०,००० ला हजारी ३० म्हणजे ३००, एकूण ४८०, दर हजारी ४.८. म्हणजे वयरचना सारखी केली तर ९.५ समोर ४.८, निम्मा. यालाच प्रमाणीकरण म्हणतात. उत्तरपत्रिकेत हा हिशोब मांड, नुसती व्याख्या लिहू नकोस, मार्क हिशोबाला असतात.

प्रश्न : ताई, मी प्रथम वर्षाला आहे. एक सर म्हणतात लोकसंख्येचा स्फोट होतोय, पृथ्वी पुरणार नाही. यूट्यूबवर बघावं तर जन्मदर कोसळतोय, माणूस संपणार. दोघांकडेही ग्राफ आहेत. खरं कोण बोलतंय?

दोघांच्याही हातात एकेक खरा आकडा आहे आणि दोघंही तो अर्धाच दाखवतायत.

आधी मागे बघ. जगात १०० कोटी माणसं व्हायला १८०० सालच्या थोडं पुढेपर्यंत वेळ लागला. २०० कोटी १९२७ च्या सुमारास, ३०० कोटी १९६० ला, आणि मग दर बारा-चौदा वर्षांनी शंभर कोटींची भर पडत गेली, १९८७ ला ५००, १९९९ ला ६००, २०११ ला ७००. हे बघून कुणालाही धडकी भरेल आणि १९६० च्या दशकात ती भरलीच होती. पण वाढीचा वेग त्याच दशकात शिखरावर होता, वर्षाला २ टक्क्यांच्या थोडा वर, आणि तेव्हापासून तो उतरतोय, आता १ टक्क्याच्याही खाली आलाय. दर बाईमागे मुलं तेव्हा सरासरी पाच होती, आता सव्वादोनच्या आसपास. जगात वर्षाला साधारण १३ कोटी बाळं जन्मतात आणि सहा कोटींच्या वर माणसं जातात, तर सात कोटींच्या आसपास भर पडते. आणि जन्मांचा वार्षिक आकडा २०१० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच शिखर गाठून खाली यायला लागलाय, हे तुझ्या सरांना नक्की सांग, नम्रपणे सांग.

मग वाढ होतेय कशामुळे? इथेच बहुतेकांचा घोळ होतो. समज आज एखाद्या देशात प्रत्येक बाईला दोनच मुलं व्हायला लागली, तरी लोकसंख्या लगेच थांबत नाही, कारण मागच्या वीस-तीस वर्षांत जन्मलेल्या भरपूर मुली आता आई व्हायच्या वयात येतायत, आया जास्त म्हणून बाळं जास्त, प्रत्येकीला दोनच असली तरी. याला मोमेंटम म्हणतात. चीनमध्ये प्रजनन दर, म्हणजे दर बाईमागे मुलं, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच २.१ च्या खाली गेला होता (साधारण एवढ्या दराला पुढची पिढी आधीच्या पिढीएवढीच राहते), आणि लोकसंख्या प्रत्यक्षात घटायला २०२२ उजाडलं. जवळजवळ तीस वर्षं! तेवढ्या काळात कुणी येऊन म्हणालं असतं की एक मूल धोरण फसलं, लोकसंख्या वाढतेच आहे, तर त्याचा आकडा बरोबर असता आणि निष्कर्ष साफ चूक.

आता यूट्यूबवाल्यांकडे येऊ. दक्षिण कोरियाचा एकूण प्रजनन दर २०२३ मध्ये ०.७२ होता, हे खरंय आणि ते गंभीरच आहे. हिशोब कर, १०० माणसं म्हणजे ५० बायका, त्यांना मिळून ३६ मुलं, आणि दर तसाच राहिला तर त्यांच्या पोटी १३ नातवंडं. शंभराचे तेरा, दोन पिढ्यांत. पण "दर तसाच राहिला तर" हे शब्द व्हिडिओत बहुतेकदा गाळलेले असतात. शिवाय हा दर कुठल्याही खऱ्या बाईच्या आयुष्याचा नाही, तो एका वर्षातल्या वीस वर्षांच्या, तीस वर्षांच्या, चाळीस वर्षांच्या वेगवेगळ्या बायकांचे दर एकावर एक रचून बनवलेला आकडा आहे. बायकांनी ठरवलं की पंचविशीऐवजी तिशीत मूल होऊ द्यायचं, तर शेवटी प्रत्येकीला दोन झाली तरी मधली काही वर्षं दर खाली पडलेला दिसतो. कोरियात नुसतं पुढे ढकलणं नाहीये, मुलं खरंच कमी होतायत, लग्नंच कमी होतायत, पण किती भाग पुढे ढकलल्याचा आणि किती कायमचा हे वेगळं काढता आलं पाहिजे आणि ते काढायला आमचा विषय शिकवतो.

संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अंदाजाप्रमाणे जग २०८० च्या दशकात साधारण १,०३० कोटींवर पोहोचेल आणि मग हळूहळू उतरेल. हा अंदाज आहे, भविष्यवाणी नाही, त्याच्या दोन्ही बाजूंना बरीच मोठी पट्टी काढलेली असते ती बघायची सवय लाव. माझं स्वतःचं मत विचारशील तर "स्फोट" आणि "विनाश" हे दोन्ही शब्द उत्तरपत्रिकेत येऊच देऊ नयेत. हे शब्द आले की कुणीतरी कुणाच्या तरी घरात डोकावून तुला मुलं किती हवीत ते सांगायला निघालेलं असतं, याचा इतिहास फार वाईट आहे, आणि पुढच्या एका उत्तरात तो येतोच आहे.

प्रश्न : मुलगी हट्ट धरून बसली आहे की हाच विषय घेणार. आम्हाला विरोध करायचा नाही, पण पुढे नोकरीचं काय?

काळजी रास्त आहे तुमची. "लोकसंख्यातज्ज्ञ हवा" अशा जाहिराती थोड्या असतात हे खरं, पण काम पुष्कळ ठिकाणी असतं, आरोग्य सर्वेक्षणं, जनगणना कार्यालयं, विमा आणि पेन्शन, शहर नियोजन, संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी, संशोधन संस्था. एकच सांगते, तिला विषयासोबत डेटा हाताळायला शिकू द्या, आर नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते चांगलं आलं तर अडायचं नाही.

प्रश्न : मॅडम, आमच्याकडे सेमिनारमध्ये वाद झाला. एक गट म्हणाला सरकारने कडक कायदा केला की जन्मदर हवा तसा वळवता येतो, दुसरा गट म्हणाला सरकारच्या हातात काही नाही. तुमचं काय म्हणणं?

पुढच्या सेमिनारला चार देश घेऊन जा.

पहिला रोमानिया. १९६६ मध्ये हुकूमशहा चाउशेस्कूच्या सरकारने ७७० नंबरचा हुकूम काढला, गर्भपातावर बंदी घातली, गर्भनिरोधकं मिळेनाशी केली. दुसऱ्याच वर्षी जन्म जवळपास दुप्पट झाले, पावणेतीन लाखांवरून सव्वापाच लाखांच्या वर. कडक कायदावाला गट इथे टाळ्या वाजवेल. पण पुढची वर्षं बघा, लोकांनी वाटा शोधल्या, जन्मदर परत घसरत गेला, आणि चोरून केलेल्या गर्भपातांत इतक्या बायका मेल्या की मातामृत्यूंच्या बाबतीत तो देश युरोपात सगळ्यांत वाईट झाला. १९८९ च्या डिसेंबरात सत्ता उलथली आणि नव्या लोकांनी अगदी सुरुवातीला जे रद्द केलं त्यात हा हुकूम होता. १९६७ साली जन्मलेल्या त्या मुलांचा फुगवटा रोमानियाच्या वय-पिरॅमिडमध्ये (प्रत्येक वयाची किती माणसं ते आडव्या पट्ट्यांनी दाखवणारा ग्राफ) आजही दिसतो, ग्राफ काढा, एक पट्टी एकदम बाहेर आलेली दिसेल.

दुसरा जपान, तेच १९६६. तिथे सरकारने काहीच केलं नव्हतं. पारंपरिक पंचांगाप्रमाणे ते "अग्नी-अश्व" वर्ष होतं आणि त्या वर्षात जन्मलेल्या मुली तापट निघतात, नवऱ्याला भारी पडतात असा समज, तर त्या एका वर्षात जन्म सुमारे १८ लाखांवरून साडेतेरा लाखांवर आले आणि पुढच्या वर्षी पुन्हा १९ लाखांवर गेले. कायदा नाही, दंड नाही, आणि एक चतुर्थांश घट! साठ वर्षांनी येणारं हे वर्ष म्हणून २०२६ चे आकडे आम्हा सगळ्यांना बघायचेत.

तिसरा इराण. १९८० च्या दशकात तिथे दर बाईमागे सहाच्या वर मुलं होती आणि २००० नंतर थोड्याच वर्षांत तो दर दोनच्या आसपास आला. इतकी वेगाने घट फार थोड्या देशांत झालीय आणि तीही सक्तीशिवाय. १९८९ पासून सरकारने कुटुंब नियोजन पुन्हा जोरात हाती घेतलं, खेड्यापाड्यात आरोग्यघरं होतीच, तिथे गावातलेच शिकवून तयार केलेले कार्यकर्ते होते, आणि त्याच काळात मुली मोठ्या संख्येने शाळेत आणि पुढे कॉलेजात गेल्या. यातल्या एकाच गोष्टीला श्रेय द्यायला जाऊ नका, त्या एकमेकींत गुंतलेल्या आहेत, पण मला विचाराल तर मुलींची शाळा मी सगळ्यांत वर ठेवते.

चौथा चीन, एक मूल धोरण १९८० च्या सुमारास आलं. विसरलं जातं ते हे की त्याआधीच्या दहा वर्षांतच तिथला दर जवळपास सहावरून तीनच्या खाली आला होता, म्हणजे मोठी उतरण आधीच होऊन गेली होती. २०१६ पासून दोन मुलांना परवानगी मिळाली, २०२१ ला तीन, तरी एखाद्या वर्षाची थोडी वाढ सोडली तर जन्म काही परत वर गेले नाहीत. आणि मधल्या काळात मुलगाच हवा या हट्टापायी मुलींचे गर्भ पाडले गेले त्याने लिंगगुणोत्तर असं बिघडलं की लाखो तरुणांना जोडीदार मिळत नाही.

तर माझं म्हणणं, सरकारच्या हातात बरंच काही असतं, पण ते दवाखान्यात आणि शाळेत असतं. सक्तीने आकडा हलतो, काही काळ हलतो, आणि त्याची किंमत बायकांनी मोजलेली असते. १९९४ मध्ये कैरोत झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या परिषदेत जगभरच्या देशांनी लोकसंख्येचं लक्ष्य बाजूला ठेवून बाईचं आरोग्य, शिक्षण आणि हक्क मध्ये आणले ते याच अनुभवांतून. तो ठराव मूळातून वाचा, नोट्सवर भागवू नका.

प्रश्न : ताई, शेवटच्या वर्षाचा प्रबंध करायचाय. बालमृत्यूवर काहीतरी करायचं ठरलंय, पण ज्या देशावर करायचंय तिथे जन्म-मृत्यूची नोंदच धड होत नाही. गाइड म्हणतात विषय बदल. बदलू का?

नको बदलूस, इतक्यात तरी नको. नोंदी नसलेल्या देशांवर काम करायच्या पद्धती आहेत आणि त्यातली विल्यम ब्रास यांनी काढलेली पद्धत तर इतकी सुंदर आहे की ती शिकायला म्हणून तरी हा विषय कर. बाईला दोनच प्रश्न विचारायचे, तुला आजवर मुलं किती झाली आणि त्यातली आज हयात किती. बस. विशीतल्या बाईची मुलं नुकतीच जन्मलेली असतात म्हणून तिच्या उत्तरातून हल्लीचे अर्भकमृत्यू कळतात, चाळिशीतल्या बाईच्या उत्तरातून थोड्या मागच्या काळातले. एकही मृत्यूचा दाखला न बघता मृत्युदर काढता येतो. अडचण एकच, ज्या आया स्वतःच मेल्या त्यांना कुणी विचारत नाही, आणि त्यांची बाळं जास्त दगावलेली असतात, हे प्रबंधात स्वतःहून लिही.

देश कुठला ते तू लिहिलं नाहीयेस, पण बऱ्याच देशांत डीएचएस (डेमोग्राफिक अँड हेल्थ सर्व्हे, म्हणजे लोकसंख्या आणि आरोग्य सर्वेक्षण) नावाची मोठी घरोघर सर्वेक्षणं झालीत, १९८४ पासून हा कार्यक्रम चालत आला होता, २०२५ मध्ये अमेरिकेचा निधी थांबल्यावर त्यात खंड पडला, तुझ्या देशातलं एखादं झालंय का ते बघ. तुलनेला चांगल्या नोंदीचा देश हवा असेल तर स्वीडन घे, त्यांच्याकडे १७४९ पासूनची सलग आकडेवारी आहे. आणि जनगणनेवर डोळे झाकून विसंबू नकोस, लेबनॉनमध्ये १९३२ नंतर अधिकृत जनगणनाच झालेली नाही, कारण कुठल्या धर्माची किती माणसं यावर तिथली सत्तेची वाटणी उभी आहे आणि खरा आकडा कुणालाच समोर यायला नकोय.

डेटा हातात आला की लगेच मॉडेल लावायला धावू नकोस. आधी एकेका वर्षाच्या वयाचा साधा ग्राफ काढ, २९, ३०, ३१ असा. जिथे लोकांना जन्मतारीख माहीत नसते तिथे ३०, ३५, ४०, ४५ वर उंच सुळके दिसतात आणि ३१, ३९, ४१ वर खड्डे, कारण विचारणाऱ्याला कुणी "असेल चाळीस" असं सांगितलं आणि त्याने ते लिहून घेतलं. सुळके किती उंच आहेत ते व्हिपल निर्देशांकाने मोजतात, २३ ते ६२ वयाची माणसं धरून, १०० आला तर डेटा स्वच्छ, ५०० आला तर सगळ्यांनी ० किंवा ५ वरच वय सांगितलंय. तो आकडा काढ, ग्राफसकट गाइडना दाखव, आणि मग दोघं बसून ठरवा की आयांच्या वयाचे गट पाच वर्षांचे घ्यायचे का दहाचे.